दहा लाख फेऱ्यांचा हिशोब: अ‍ॅक्सिलरेटर बांधणाऱ्यांनी कॉम्प्युटरवर भरवसा ठेवायला कसं शिकलं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे शब्दांकन. बोललो तसंच बहुतेक ठेवलं आहे.

आजचा विषय आहे पार्टिकल अ‍ॅक्सिलरेटरचं कॉम्प्युटर सिम्युलेशन. नाव ऐकून पळू नका. यात गणित भरपूर आहे, पण आज आपल्याला एक साधा प्रश्न घ्यायचा आहे. समजा, तुम्हाला सत्तावीस किलोमीटर घेराचं एक यंत्र जमिनीखाली बांधायचं आहे. खर्च अब्जावधींचा. बांधून बघू, नाही चाललं तर बदलू, अशी सोय नाही. म्हणून आधी कॉम्प्युटरला विचारायचं, की बाबा रे, हे चालेल का? कॉम्प्युटर उत्तर देतो. पण ते उत्तर बरोबर आहे हे कशावरून? यंत्र तर अजून बांधलेलंच नाही. मग ताडून बघायचं कशाशी?

अ‍ॅक्सिलरेटरच्या सॉफ्टवेअरचा सत्तर वर्षांचा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाशी झालेली झटापट आहे.

भीती कुठून आली?

थोडी पार्श्वभूमी. गोल अ‍ॅक्सिलरेटरमध्ये प्रोटॉन एका नळीतून लाखो फेऱ्या मारतात. काही चुंबकं त्यांना वळवतात, काही चुंबकं त्यांना आवळून धरतात, नाहीतर ते पसरून नळीच्या भिंतीवर आपटतील. 1952 साली अमेरिकेतल्या ब्रुकहेवनमध्ये कॉस्मोट्रॉन नावाचं यंत्र सुरू झालं. त्यात बीम इतका सैलसर असायचा की त्याच्यासाठी चांगली फूट-दोन फूट रुंद पोकळी ठेवावी लागे. त्याच वर्षी, त्याच प्रयोगशाळेत अर्नेस्ट कोरांट, स्टॅन्ली लिव्हिंगस्टन आणि हार्टलंड स्नायडर यांना एक युक्ती सुचली. एक चुंबक आत ढकलणारं, पुढचं बाहेर खेचणारं, असं आलटून पालटून लावलं, तर एकूण परिणाम म्हणून बीम खूपच घट्ट आवळला जातो. गंमत म्हणजे लिफ्टच्या कंपनीत काम करणाऱ्या निकोलस क्रिस्टोफिलोस या ग्रीक इंजिनिअरला हीच कल्पना आधीच सुचली होती. त्याच्याकडे तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही.

बीम बारीक म्हणजे नळी बारीक, चुंबकं लहान, खर्च कमी. सगळे खूश. पण लवकरच इंग्लंडमधल्या जॉन लॉसन यांनी बोट ठेवलं: चुंबकं अगदी अचूक बसवली नाहीत तर काय होईल? झोपाळ्याचं उदाहरण घ्या. झोपाळ्याला दर वेळी योग्य क्षणी हलका धक्का दिला, तर झोका वाढतच जातो. प्रोटॉनही नळीत डावीकडे-उजवीकडे झोके घेत पुढे जातो. एखादं चुंबक किंचित चुकलेलं असेल, तर प्रत्येक फेरीत त्याच जागी तोच धक्का बसणार. झोक्याची लय आणि फेरीची लय जुळली, की संपलं. याला रेझोनन्स म्हणतात.

नव्याने सुरू होणाऱ्या सर्न प्रयोगशाळेत जॉन अ‍ॅडम्स आणि मर्व्हिन हाइन यांनी या भीतीपायीच आपल्या यंत्राचं डिझाइन थोडं सौम्य केलं. ब्रुकहेवनने दुसरा मार्ग धरला. मोठं यंत्र बांधण्याआधी त्यांनी इलेक्ट्रॉनवर चालणारं एक छोटं मॉडेल बांधलं आणि धोक्याची वाटणारी गोष्ट त्याच्यावर करून बघितली. म्हणजे सिम्युलेशनच, पण तारांचं आणि नळ्यांचं. सर्नचं यंत्र 1959 मध्ये आणि ब्रुकहेवनचं 1960 मध्ये सुरू झालं. दोन्ही चालली.

1024 शब्दांची मेमरी

आता कॉम्प्युटर येतो. अमेरिकेच्या मध्यभागातल्या विद्यापीठांनी मिळून मुरा नावाची एक संस्था काढली होती. डोनाल्ड कर्स्ट, कीथ सायमन, अँड्र्यू सेसलर, जॅक्सन लॅस्लेट ही तिथली मंडळी. त्यांच्या डोक्यात जे यंत्र होतं, त्याची चुंबकीय क्षेत्रं इतकी वाकडीतिकडी होती की कागदावर गणित सुटेना. मग ते इलिनॉय विद्यापीठाच्या इलियाक कॉम्प्युटरकडे गेले. व्हॅक्यूम ट्यूबचं अवाढव्य यंत्र, आणि त्याची मुख्य मेमरी फक्त 1024 शब्दांची! तुमच्या मोबाइलमधला एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. पण एक कण घ्या, त्याला एक पाऊल पुढे न्या, परत एक पाऊल, परत एक पाऊल, एवढं काम तो इमानेइतबारे करू शकत होता.

आणि त्यात या लोकांना विचित्र गोष्टी दिसायला लागल्या. बीमच्या मध्याजवळचे कण शहाण्यासारखे वागत. बाहेर एका हद्दीपलीकडचे कण मात्र काही फेऱ्या नीट मारत आणि मग अचानक भरकटत. मधल्या पट्ट्यात तर काही नियमच दिसेना. आज आपण याला केऑस म्हणतो. तेव्हा तो शब्द या अर्थाने रुळलाही नव्हता. बघा हं, पहिला प्रश्न इथेच उभा राहिला: कण खरंच भरकटतोय, की आमचा हिशोब भरकटतोय? इलियाकने दिलेल्या आकड्यांच्या रांगेत या दोन्ही गोष्टी अगदी सारख्या दिसतात.

मुरानेही इलेक्ट्रॉनची छोटी मॉडेल्स बांधून खात्री करून घेतली. त्यांच्या मोठ्या यंत्राला मात्र अमेरिकन सरकारने पैसे दिले नाहीत. पण त्यांची हिशोबाची पद्धत टिकली.

ज्याची त्याची चूल वेगळी

साठच्या दशकात स्टॅनफर्डच्या स्लॅक प्रयोगशाळेत कार्ल ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रान्सपोर्ट हा प्रोग्रॅम उभा केला. कल्पना सुटसुटीत होती. प्रत्येक चुंबक म्हणजे आकड्यांचा एक चौकोन, म्हणजे मॅट्रिक्स. एका मॅट्रिक्सला दुसऱ्याने गुणत जायचं, शेवटी बीम कुठे पोचला ते कळतं. यंत्राचं वर्णन पंच कार्डांवर आकड्यांनी द्यायचं: 3 म्हणजे मोकळी नळी, 4 म्हणजे वळवणारं चुंबक, 5 म्हणजे आवळणारं. (जाता जाता, पुढे फोर्थ ही प्रोग्रॅमिंगची भाषा बनवणारे चार्ल्स मूर यांनीही तरुणपणी स्लॅकमध्ये बीमच्या हिशोबाचेच प्रोग्रॅम लिहिले.)

ट्रान्सपोर्ट इतका गाजला की जगभर वापरला गेला. पण प्रत्येक प्रयोगशाळेच्या गरजा वेगळ्या. बर्कलीत अल गॅरेन यांचा सिंच, हँबुर्गला आल्बिन व्रूलिश यांचा रेसट्रॅक, सर्नमध्ये ख्रिस्तोफ इझेलिन यांचा मॅड. आणि प्रत्येकाची बोली निराळी. ट्रान्सपोर्टमध्ये बीमची रुंदी सेंटिमीटरमध्ये आणि चुंबकीय क्षेत्र किलोगॉसमध्ये. मॅडमध्ये मीटर. एकाच यंत्राचं वर्णन एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात न्यायचं, तर कोणीतरी बसून हाताने उतरवायचं. शेकडो चुंबकांच्या यादीत एक वजाचं चिन्ह राहिलं, तरी उत्तर येतंच. फक्त ते दुसऱ्याच कुठल्यातरी यंत्राचं असतं.

1984 साली फर्मीलॅबचे डेव्हिड केअरी आणि सर्नचे इझेलिन यांनी मिळून एक सामाईक लेखनपद्धत मांडली. आकड्यांऐवजी शब्द: ड्रिफ्ट, क्वाड्रुपोल, सेक्स्टुपोल. वाचणाऱ्या माणसाला समजेल असं. आज मॅडमध्ये लिहिलेलं यंत्राचं वर्णन बघितलं, तर त्यावर याच पद्धतीची छाप दिसते. यात नवं भौतिकशास्त्र काही नव्हतं. पण यामुळे एकच यंत्र दोन वेगळ्या लोकांनी लिहिलेल्या दोन प्रोग्रॅममध्ये घालून उत्तरं ताडून बघणं सोपं झालं. कॉम्प्युटरची तपासणी करायला दुसरा कॉम्प्युटर. पहिला आधार हा.

विसरणारे इलेक्ट्रॉन, न विसरणारे प्रोटॉन

आता खरी अडचण. 1971 मध्ये सर्नमध्ये दोन प्रोटॉन बीम एकमेकांवर आदळवणारं पहिलं यंत्र सुरू झालं. इथे बीम तासन् तास फिरत ठेवायचा होता. फेऱ्यांची संख्या लाखांतून कोटींत आणि अब्जांत गेली.

इलेक्ट्रॉनचं एक बरं असतं. तो वळताना प्रकाश बाहेर टाकतो, आणि त्यामुळे त्याचे झोके आपोआप शमतात. इंदूरला राजा रामण्णा केंद्रात इंडस-2 आहे ना, 172.5 मीटर घेराचं, ते इलेक्ट्रॉनचंच. तिथे काही हजार फेऱ्यांमागे काय झालं होतं हे इलेक्ट्रॉन जवळजवळ विसरून जातो. प्रोटॉन जड. तो काही विसरत नाही. पहिल्या फेरीत बसलेला धक्का त्याच्याबरोबर दहा लाखाव्या फेरीपर्यंत येतो.

आता हिशोब करू. तुमच्या प्रोग्रॅममध्ये एका फेरीला दशलक्षांश एवढी चूक आहे. म्हणजे झोका एकऐवजी 0.999999 होतो. कोणाच्या लक्षात येणार? पण हा आकडा स्वतःशी दहा लाख वेळा गुणा. उत्तर येतं साधारण 0.37. म्हणजे झोका एक तृतीयांशावर आला! कॉम्प्युटर सांगतोय की बीम छान शांत होत चाललाय. प्रत्यक्षात तसं काही होत नाहीये, तो तुमच्या चुकीचा दिलासा आहे. चूक उलट्या दिशेची असेल, तर चांगलं यंत्र वाईट ठरेल.

यावर उत्तर सापडलं ते निसर्गाच्या एका नियमात. कणांचा समूह कुठे आहे आणि किती वेगाने जातोय, हे दोन्ही मिळून जो नकाशा बनतो त्याला फेज स्पेस म्हणतात. या नकाशात बीमने व्यापलेली जागा बदलत नाही. कणकेच्या गोळ्यासारखं आहे. लाटा, दुमडा, लांबट करा, पण कणीक तेवढीच राहते. नेहमीच्या पाठ्यपुस्तकातल्या पद्धतींनी हिशोब केला, तर प्रत्येक पावलाला कणकेचा एक कण हरवतो किंवा वाढतो. दहा लाख पावलांनंतर गोळा ओळखू येत नाही.

मग अशी पद्धत का काढू नये, जिच्यात कणीक मुळातच हरवू शकत नाही? अशा पद्धतींना सिम्प्लेक्टिक म्हणतात. 1983 मध्ये रोनाल्ड रूथ यांनी अ‍ॅक्सिलरेटरसाठी अशी पद्धत मांडली. 1990 मध्ये एतिएन फॉरेस्ट आणि रूथ यांनी तिची जास्त अचूक आवृत्ती दिली. मेरीलँडमध्ये अ‍ॅलेक्स ड्रॅग्ट यांनी आणि पुढे मार्टिन बर्झ यांनी अख्ख्या यंत्राचा गोषवारा एकाच सूत्रात बांधण्याच्या वेगळ्या वाटा शोधल्या.

यातली एक युक्ती मला फार आवडते. जाड चुंबकाचं गणित अंदाजे सोडवण्याऐवजी, चुंबकाच्या जागी काही पातळ चकत्या आहेत असं समजायचं. कण चकतीपाशी आला की एक टिचकी, मग मोकळा प्रवास, परत टिचकी. आता हे यंत्र खऱ्या यंत्रापेक्षा थोडं वेगळं आहे. पण या वेगळ्या यंत्राचा हिशोब तुम्ही तंतोतंत करता. खऱ्या यंत्राचा अंदाजे हिशोब करण्यापेक्षा, खऱ्यासारख्या यंत्राचा तंतोतंत हिशोब भरवशाचा ठरला. कारण त्या यंत्रातही कणीक तेवढीच राहते.

एक सेंटिमीटरची किंमत

इथपर्यंत सगळं गणितज्ञांचं भांडण वाटेल. आता पैसे मध्ये येतात.

अमेरिकेने टेक्सासमध्ये सुपरकंडक्टिंग सुपर कोलायडर, म्हणजे एसएससी, बांधायचं ठरवलं. प्रत्येक बीम 20 टेराइलेक्ट्रॉनव्होल्टचा. अंतिम घेर 87 किलोमीटर. 1986 च्या डिझाइनमध्ये मुख्य चुंबकांच्या आतली पोकळी 4 सेंटिमीटर धरली होती. अशी हजारो चुंबकं.

सुपरकंडक्टिंग चुंबकात एक खोड असते. बीम आत भरला जातो तेव्हा ऊर्जा कमी असते, चुंबकीय क्षेत्र हलकं असतं, आणि नेमकं तेव्हाच तारेत घुटमळणारे प्रवाह क्षेत्र बिघडवतात. पोकळी जितकी लहान, तितका बीम तारांच्या जवळ आणि बिघाड जास्त. म्हणजे प्रश्न असा: 4 सेंटिमीटरच्या पोकळीत बीम भरण्याच्या काळात टिकेल का?

प्रकाशाच्या वेगाने 87 किलोमीटरची एक फेरी, म्हणजे सेकंदाला साधारण 3400 फेऱ्या. भरायला तासभर धरला, तर सव्वा कोटी फेऱ्या. आणि कॉम्प्युटरवर? सुरुवातीला हजारभर फेऱ्या करणं हेही मोठं काम होतं. हजार फेऱ्या म्हणजे एसएससीमधला जेमतेम पाव-अर्धा सेकंद. पापणी लवेपर्यंतचा हिशोब करून तासाचं भविष्य सांगायचं!

लोकांनी प्रयोग करून बघायचा ठरवला, हे त्यांचं मोठेपण. शिकागोजवळच्या फर्मीलॅबमध्ये टेव्हाट्रॉन हे यंत्र चालू होतं. 1987 च्या सुमारास तिथे ई-778 हा प्रयोग झाला. चांगल्या चालणाऱ्या यंत्रात खास सेक्स्टुपोल चुंबकं वापरून मुद्दाम बिघाड घातला आणि बीम सांगितल्याप्रमाणे वागतो का ते पाहिलं. बऱ्याच गोष्टी सिम्युलेशनशी जुळल्या. रेझोनन्सच्या बेटांमध्ये अडकून फिरणारे कणही दिसले. पण हे सगळं थोड्या काळाच्या वागण्याबद्दल. दीर्घकाळ हळूहळू निसटणाऱ्या कणांबद्दल तेवढ्या छातीठोकपणे बोलता येत नव्हतं.

शेवटी 1990 मध्ये निर्णय झाला. पोकळी 4 ऐवजी 5 सेंटिमीटर, आणि बीम आत भरतानाची ऊर्जा 1 ऐवजी 2 टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट. सिम्युलेशन सांगत होतं की 4 मध्ये पुरेशी मोकळीक नाही. काही जाणकारांना हे अति सावधपण वाटलं. पण सिम्युलेशन चुकतंय असं म्हणून जबाबदारी कोण घेणार? एक सेंटिमीटर वाढलं की तार वाढते, लोखंड वाढतं, सगळं वाढतं. 1986 मध्ये सुमारे 3 अब्ज डॉलरचा असलेला अंदाज 1991 च्या सुरुवातीला सव्वाआठ अब्जांवर गेला होता. त्यात महागाई होती, हिशोबाच्या पद्धती बदलल्या होत्या, बाकीही अनेक कारणं होती. एका सेंटिमीटरवर सगळं खापर फोडणं बरोबर नाही. पण वाढता खर्च हा विरोधकांच्या हातातला मोठा मुद्दा बनला, आणि ऑक्टोबर 1993 मध्ये अमेरिकन काँग्रेसने प्रकल्प बंद केला. तोपर्यंत वीसहून जास्त किलोमीटर बोगदा खणून झाला होता.

ते 4 सेंटिमीटरचं यंत्र चाललं असतं का? बांधलंच नाही, त्यामुळे ते कधीच कळणार नाही.

साठ एलएचसी आणि घरातले कॉम्प्युटर

सर्नच्या एलएचसीची पाळी आली, तेव्हा त्यांनी या अविश्वासालाच हिशोबात जागा दिली. एलएचसी म्हणजे लार्ज हॅड्रॉन कोलायडर, 27 किलोमीटरचा. फ्रँक श्मिट यांनी रेसट्रॅकमधून वाढवलेला सिक्सट्रॅक हा प्रोग्रॅम वापरायचं ठरलं. प्रत्येक चुंबकात नेमकी किती चूक असेल, हे आधी माहीत नव्हतं. मग साठ वेगवेगळे एलएचसी कॉम्प्युटरवर बनवले, प्रत्येकात चुका वेगळ्या, आणि सगळ्यात वाईट निघेल त्याच्याकडे लक्ष ठेवलं. कण जिथपर्यंत सुरक्षित राहतात त्या हद्दीला डायनॅमिक अ‍ॅपर्चर म्हणतात. बीमच्या प्रमाणित रुंदीच्या 6 पट हद्द गरजेची होती. सिम्युलेशनमध्ये मागितली 12 पट. म्हणजे काय, तर तुझं उत्तर अर्धं खोटं निघालं तरी आमचं यंत्र चालेल!

यात आपल्याकडचाही हात आहे. एलएचसीच्या मुख्य चुंबकांच्या टोकांना छोटी दुरुस्तीची चुंबकं बसवलेली आहेत. मघाशी सांगितलेला तो बिघाड खोडून काढणं हेच त्यांचं काम. त्यातली सतराशेहून जास्त, म्हणजे सुमारे निम्मी, इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राच्या पुढाकाराने भारतात तयार झाली.

तरी फेऱ्यांचा प्रश्न होताच. एलएचसीमध्ये सेकंदाला सव्वाअकरा हजार फेऱ्या होतात. दहा लाख फेऱ्या म्हणजे फक्त दीड मिनिट. तेवढं करायलाही प्रचंड कॉम्प्युटर लागणार. म्हणून 2004 मध्ये, सर्नच्या पन्नाशीला, एलएचसी अ‍ॅट होम सुरू झालं. जगभरातल्या हौशी लोकांनी आपले घरचे कॉम्प्युटर रिकाम्या वेळात सिक्सट्रॅकला दिले. खात्रीसाठी प्रत्येक काम दोन वेगळ्या कॉम्प्युटरना पाठवायचं. उत्तरं जुळली, तरच घ्यायची.

आणि काही उत्तरं जुळेनात! प्रोग्रॅम तोच, आकडे तेच, पण एका घरात प्रोसेसर एका कंपनीचा, दुसऱ्या घरात दुसऱ्या. कोणाकडे विंडोज, कोणाकडे लिनक्स. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार कसे करायचे याचे नियम 1985 च्या एका प्रमाणकाने बांधून दिले आहेत. पण साइन, कोसाइन, लॉगरिदम यांच्या शेवटच्या अंकाबद्दल तशी सक्ती नव्हती. म्हणून सोळाव्या-सतराव्या अंकात कुठेतरी फरक पडायचा. शांत कणाला त्याचं काही नाही. पण हद्दीवरच्या, केऑसमधल्या कणाचं नशीब त्या एका अंकावर पालटायचं: इथे वाचला, तिथे गेला.

सर्नचे एरिक मॅकिंटॉश आणि फ्रान्समधल्या लियाँच्या फ्लोराँ द दिनेशाँ यांच्या गटाने हे निस्तरलं. लियाँच्या गटाने असं लायब्ररी सॉफ्टवेअर बनवलं होतं, ज्यात साइन किंवा लॉगचा शेवटचा अंकही प्रत्येक मशीनवर तोच येतो. ते सिक्सट्रॅकमध्ये घातलं, कंपायलरच्या खोड्या आवरल्या, आणि मग जगातल्या कुठल्याही घरातून शेवटच्या बिटपर्यंत तेच उत्तर यायला लागलं. अर्थात, सगळ्यांचं उत्तर एकच आलं म्हणजे ते खरं ठरलं असं नाही. पण आता फरक दिसला, तर तो मशीनचा नाही एवढी तरी खात्री झाली.

मग बीमने काय सांगितलं?

10 सप्टेंबर 2008 च्या सकाळी एलएचसीमध्ये पहिला बीम फिरला, आणि काही तासांतच फिरला. पुढच्या वर्षांत बीम मुद्दाम मोठा करून खरी हद्द मोजली गेली, आणि ती सिम्युलेशनशी बऱ्यापैकी जुळली. इलियाकपासून चालत आलेल्या प्रश्नाला, निदान या यंत्रापुरतं, बीमनेच उत्तर दिलं.

पण तारखेच्या पुढचं पान उलटा. नऊच दिवसांनी, 19 सप्टेंबरला, दोन चुंबकांमधला विजेचा एक सांधा जळाला. हेलियम फुटून बाहेर आला, डझनावारी चुंबकं दुरुस्त करावी लागली, आणि यंत्र वर्षाहून जास्त काळ बंद राहिलं. साठ एलएचसींपैकी एकातही हा सांधा नव्हता. सिक्सट्रॅकला प्रोटॉनबद्दल विचारलं होतं, त्याने प्रोटॉनबद्दल सांगितलं. सांध्याबद्दल त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

आजच्यापुरतं इथेच थांबू. कणकेच्या गोळ्याची ती गोष्ट ग्रहांच्या कक्षांच्या हिशोबातही लागू होते, त्यावर स्वतंत्र भाग करता येईल. ऐकायला आवडेल का, ते जरूर कळवा. भेटू लवकरच!